मुलांच्या टॅब-फोनवर वेब फिल्टर: सुरुवात कुठून करायची?

ओंजळ
नमस्कार मंडळी. मुलगी ७ वर्षांची आहे, मुलगा १३ पूर्ण. मुलीकडे माझा जुना अँड्रॉइड टॅब आलाय, मुलाकडे आयफोन आहे आणि अभ्यासासाठी दोघांत मिळून एक विंडोज लॅपटॉप. मुलगी आता स्वतः वाचते, स्वतः शोधते, आणि टाइप करायचा कंटाळा आला तर बोलून शोधते. दर वेळी शेजारी बसून राहणं शक्य नाही आणि तिलाही ते आवडत नाही.

राउटरमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल' नावाचं पान दिसतंय. तेवढं पुरतं का? फोनमधल्या सोयी वापरायच्या की विकतचं ॲप घ्यायचं? आणि सगळ्यात अडलेला प्रश्न: मुलाला सांगून लावायचं की न सांगता? घरात यावर दोन मतं आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निरभ्र
ओंजळ, राउटरपासून सुरुवात करू नका. बहुतेक जण तिथूनच करतात, कारण एकदा सेटिंग केलं की घरातली सगळी उपकरणं त्याखाली येतात. पण राउटरचा अंमल घरच्या वायफायपुरता. मुलाने मोबाइल डेटा चालू केला किंवा मित्राचा हॉटस्पॉट घेतला की तो फिल्टर वाटेत येतच नाही. आधी उपकरण, मग खातं आणि सर्च, आणि राउटर सगळ्यात शेवटी, हा क्रम ठेवा.

आता हे फिल्टर चालतात कसे, ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं. ब्राउझरमध्ये आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा उपकरण आधी एका डीएनएस सर्व्हरला विचारतं, की या नावाचा आयपी पत्ता (म्हणजे आकड्यांतला पत्ता) काय? फिल्टर करणारा डीएनएस नको त्या साइटचा पत्ता देतच नाही. अशा मोफत सेवा आहेत. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ (जोडीला १.०.०.३), ओपनडीएनएस फॅमिलीशील्डची २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३, क्लीनब्राउझिंगच्या फॅमिली फिल्टरची १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.२ शी गोंधळ करू नका, तो फक्त व्हायरस वगैरे पसरवणाऱ्या साइट अडवतो, प्रौढ मजकूर नाही.

मर्यादा इथेच आहे. आज जवळजवळ सगळा वेब एचटीटीपीएसवर आहे, म्हणजे साइट आणि उपकरण यांच्यातला मजकूर कुलूपबंद होऊन जातो. फिल्टरला पाकिटावरचं नाव दिसतं, आतलं पत्र दिसत नाही. त्यामुळे ज्या मोठ्या साइटवर चांगलं-वाईट सगळं एकत्र असतं, ती एक तर पूर्ण उघडी राहते किंवा पूर्ण बंद होते. यूट्यूबवरचा एकच व्हिडिओ डीएनएसने अडवता येत नाही.

तुमच्या टॅबसाठी: मुलीचं स्वतःचं गूगल खातं फॅमिली लिंकमधून (गूगलचं पालकांसाठीचं ॲप) उघडा आणि टॅबवरून तुमचं खातं पूर्ण काढून टाका. हे दुसरं काम राहून जातं आणि मग सगळी मेहनत वाया जाते. फॅमिली लिंकमध्ये क्रोमसाठी तीन पर्याय आहेत: सगळ्या साइट उघड्या, अश्लील साइट अडवण्याचा प्रयत्न करा, आणि फक्त मंजूर साइट. ७ वर्षांच्या मुलीसाठी मी तिसराच निवडेन. या वयात तिला लागणाऱ्या साइट मोजक्या असतात, आणि नवी हवी असेल तर ती टॅबवरून मागू शकते, तुमच्या फोनवर विनंती येते.

पण लक्षात घ्या, हा फिल्टर क्रोमपुरता आहे. दुसरा ब्राउझर टाकला किंवा एखाद्या ॲपच्या आतच लिंक उघडली तर तो लागू होत नाही. म्हणून प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपला तुमची मंजुरी लागेल असं ठेवा, आणि त्याखाली डीएनएसचा थर द्या. अँड्रॉइड ९ पासून (२०१८) नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे आकडे चालत नाहीत, सेवेचं होस्टनेम (अक्षरांतलं नाव) लिहावं लागतं; ते ज्या त्या सेवेच्या साइटवर दिलेलं असतं. हा थर वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर चालतो, सगळ्या ॲपना लागतो. टॅब त्याहून जुना असेल तर प्रत्येक वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने घालावा लागेल.

रानवाट
चित्रांचा शोध विसरू नका! गूगलवर चित्रं शोधली की समोर येणारी छोटी चित्रं गूगलच्याच सर्व्हरवरून येतात, मूळ साइटवरून नाही. म्हणजे ती साइट डीएनएसने अडवलेली असली तरी चित्र दिसतं. त्यासाठी सेफसर्च (शोधातले अश्लील निकाल गाळणारी सोय) वेगळं चालू करावं लागतं. फॅमिली लिंकमधल्या १३ वर्षांखालच्या खात्यांवर ते आपोआप चालू असतं. पण लॅपटॉपवर खात्यात शिरलं नाही तर काय?

निरभ्र
रानवाट, हा फार महत्त्वाचा मुद्दा. म्हणूनच डीएनएस निवडताना तो सेफसर्च सक्तीने लावतो का, ते पाहावं. क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर गूगल आणि बिंगवर सेफसर्च लावतो, यूट्यूबला 'रिस्ट्रिक्टेड मोड'मध्ये टाकतो, शिवाय व्हीपीएन-प्रॉक्सीच्या (दुसऱ्या सर्व्हरमार्फत जाऊन फिल्टर चुकवण्याच्या) साइट आणि रेडिटसारख्या मिश्र साइट बंद करतो. अ‍ॅडगार्डचा फॅमिली डीएनएसही (९४.१४०.१४.१५) सेफसर्च लावतो. ७ वर्षांच्या मुलीला क्लीनब्राउझिंग योग्य वाटतो. १३ वर्षांच्या मुलाला मात्र तो फार घट्ट होईल, निम्म्या शंकांची उत्तरं त्याला मिळणार नाहीत.

पायवाट_
आयफोनचं मी लिहिते, आमच्याकडे तोच आहे.

सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन टाइम', त्यात 'कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स', त्याच्या आत 'वेब कंटेंट'. 'लिमिट अडल्ट वेबसाइट्स' निवडा. हे चालू केलं की सफारीतलं प्रायव्हेट ब्राउझिंग आपोआप बंद होतं आणि हिस्टरी पुसण्याचं बटणही चालत नाही. त्याखालीच स्वतःच्या दोन याद्या करता येतात, नेहमी उघड्या आणि नेहमी बंद.

स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा असतो. तो वेगळाच ठेवा, आणि मुलाच्या वाढदिवसाचा तर अजिबात नको. मुलं बोटांकडे बघत असतात. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये (घरातली खाती जोडणारी सोय) मुलाचं खातं असेल तर हे सगळं तुमच्याच फोनवरून करता येतं, त्याच्या हातातला फोन मागावा लागत नाही. मला ते जास्त बरं वाटतं.

एक फट सांगते जी पटकन लक्षात येत नाही. 'आस्क टू बाय' (ॲप घेण्याआधी पालकांकडे विनंती पाठवणारी सोय) चालू असलं तरी आधी कधी घेतलेलं ॲप पुन्हा डाउनलोड करताना विनंती येत नाही. एखादं व्हीपीएन पूर्वी घेऊन काढून टाकलेलं असेल तर ते परत येऊ शकतं. ॲप टाकण्याची सोयच काही काळ बंद ठेवणं हा त्यावर उपाय, पण १३ वर्षांच्या मुलाशी त्याबद्दल बोलूनच.

मेसेजमधल्या फोटोंसाठी ॲपलची 'कम्युनिकेशन सेफ्टी' आहे. नग्नता असलेला फोटो फोनवरच ओळखून धूसर करतात, फोटो ॲपलकडे जात नाही. तीही बघून घ्या. वेब फिल्टर त्या वाटेवर नसतोच.

कवडसा
मी थोडं विरोधात लिहितो, राग मानू नये.

ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ११ ते १६ वयाची मुलं आणि त्यांचे पालक, ब्रिटन आणि युरोपातली माहिती. कुणाच्या नजरेला लैंगिक मजकूर पडला आणि कुणाच्या नाही, यातल्या फरकाचं अर्धा टक्कासुद्धा स्पष्टीकरण घरातल्या फिल्टरने मिळत नव्हतं. बाकी सगळं इतर गोष्टींवर अवलंबून. मग एवढे आकडे, थर, पासकोड कशासाठी? तोच वेळ मुलाशी बोलण्यात घालवावा असं मला मनापासून वाटतं. फिल्टर लावला की पालक निर्धास्त होतात आणि बोलणं राहून जातं, ही मला खरी भीती आहे.

निरभ्र
कवडसा, राग कसला. तो अभ्यास मी वाचलेला आहे आणि या धाग्यात त्याचा उल्लेख यायलाच हवा होता. पण तो ११ ते १६ वयाबद्दल बोलतो, ज्या वयात मुलं मुद्दाम शोधतात, मित्राच्या फोनवर बघतात, फिल्टर ओलांडायला शिकतात. ७ वर्षांचं मूल शोधत नसतं, चुकून जाऊन पोचतं. चुकीचं स्पेलिंग, ॲपमधली जाहिरात, बोलून केलेला शोध भलताच ऐकला जाणं. तिथे साधी मंजूर यादी पुष्कळ काम करते. लहान मुलांबद्दलचा निष्कर्ष त्या अभ्यासातून काढता येणार नाही.

१३ वर्षांच्या मुलाबाबत मी तुमच्या बाजूचा आहे. तिथे फिल्टर पातळ ठेवावा आणि बोलणं वाढवावं.

शब्दवेडी
मी शाळेत संगणक शिकवते. फिल्टरच्या मागे बसलेली मुलं रोज बघते, म्हणून दोन गोष्टी आवर्जून लिहिते.

पहिली. डीएनएस फिल्टर मुका असतो. साइट अडवली तर 'ही साइट पालकांनी बंद केली आहे' असं पान बहुतेक वेळा दिसत नाही. एचटीटीपीएसमुळे मध्येच तसं पान घुसवता येत नाही, म्हणून मुलाला दिसतं ते नुसतं 'साइटशी संपर्क होत नाही' किंवा प्रमाणपत्राचा लाल इशारा. क्लाउडफ्लेअर तर पत्ता म्हणून नुसती शून्यं देतो. मूल समजतं नेट बिघडलंय, किंवा आपण काहीतरी मोडलं. लहान मूल घाबरून कुणाला सांगतच नाही. म्हणून ओंजळ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे: सांगूनच लावा. मुलीला शेजारी बसवा, एखादी अडणारी साइट मुद्दाम उघडून दाखवा (क्लाउडफ्लेअरने चाचणीसाठी निरुपद्रवी पत्ते दिलेले आहेत, त्यावर काहीच वाईट नसतं) आणि सांगा, 'असं पान दिसलं तर तुझी काही चूक नाही, मला येऊन सांग.' न सांगता लावलेल्या फिल्टरमध्ये हे सांगायची सोयच उरत नाही.

दुसरी. फिल्टर नको तेही अडवतो. वयात येण्याबद्दलची, मासिक पाळीबद्दलची, स्तनांच्या कर्करोगाची, लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची याची पानं अडलेली मी पाहिली आहेत. १.१.१.३ सुरू झाला १ एप्रिल २०२० ला, आणि त्याच दिवशी तो समलिंगी-पारलिंगी व्यक्तींसाठीच्या माहितीच्या साइटही अडवत असल्याचं उघड झालं. अडवायच्या साइटच्या यादीसाठी चुकीचा वर्ग निवडला गेला होता. कंपनीने तसं जाहीरपणे मान्य करून लगेच दुरुस्त केलं. पण विचार करा, १३-१४ वर्षांचं एखादं मूल नेमकं तेच शोधायला गेलं असेल आणि समोर बंद दार आलं असेल. ते मूल तुमच्याकडे येऊन 'ही साइट उघडून दे' म्हणेल का? नाही म्हणणार. म्हणून मोठ्या मुलांसाठी आरोग्याच्या आणि मदतीच्या साइट तुम्ही स्वतः आधी उघडून बघा, अडत असतील तर त्यांनी मागायची वाट न बघता उघड्या यादीत घाला.

रानवाट
शब्दवेडी, हे छापून भिंतीवर लावावं असं आहे. मागायची लाज वाटेल अशा गोष्टी आधीच उघड्या ठेवायच्या, हे मला सुचलंच नसतं.

सावली२
मुलाच्या फोनवर सगळे मेसेज, सगळा शोध पालकांना दाखवणारी ॲप्स मिळतात. ती का नको? मला तरी काय चाललंय ते कळायला हवं असं वाटतं.

निरभ्र
सावली, काळजी समजू शकतो. पण ती ॲप्स फिल्टर नसतात, पाळत असते. ती चालण्यासाठी फोनचा जवळजवळ पूर्ण ताबा मागतात आणि मुलाचे निरोप, फोटो, ठिकाण असं सगळं कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. अशा कंपन्यांकडून ही माहिती फुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मुलाला ज्या धोक्यापासून वाचवायचं, तोच आपण विकत घेऊन त्याच्या फोनवर बसवल्यासारखं होतं.

पायवाट_
आणि मुलाला कळल्यावर तो दुसरीकडे बोलायला लागतो, जिथे तुम्ही नसता. कळतंच कधीतरी.

शब्दवेडी
सावली, काय चाललंय ते कळायचा जो एक मार्ग मला चालताना दिसला तो सांगते. मुलाला एक वचन द्या आणि पाळा: नको ते काही दिसलं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोन काढून घेतला जाणार नाही. मुलं गप्प बसतात ती बहुतेक वेळा उपकरण जाईल या भीतीने. सांगायला आलं की 'तू तिथे गेलासच कशाला' हा पहिला प्रश्न नको. आधी 'बरं झालं सांगितलंस', मग ते कसं समोर आलं हे दोघांनी मिळून बघायचं. जाहिरातीतून आलं की कुणी पाठवलं? अनोळखी माणसाने पाठवलं असेल तर तो फिल्टरचा विषयच नाही, त्याची तक्रार करायची असते. लहान मुलांना एवढंच शिकवायचं, की टॅब पालथा ठेव आणि मोठ्या माणसाला बोलाव. बंद करायचं बटण शोधत बसायचं नाही.

कवडसा
शब्दवेडी, याच्याशी पूर्ण सहमत. फिल्टर असा सांगून आणि बोलून लावला जाणार असेल तर माझा विरोध उरत नाही.

निरभ्र
लॅपटॉप आणि राउटरचं राहिलं, ते थोडक्यात.

विंडोजवर दोघांना वेगवेगळी खाती द्या, आणि दोन्ही 'स्टँडर्ड', ॲडमिनिस्ट्रेटर नाही. ॲडमिनिस्ट्रेटर खातं मुलाच्या हातात असेल तर वरचं काहीही टिकत नाही. मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीचा वेब फिल्टर एज ब्राउझरमध्ये चालतो, आणि तो चालू केला की बाकीचे नेहमीचे ब्राउझर त्या खात्यावर अडतात. मुलाला क्रोम लागत असेल तर ते तुम्हाला मुद्दाम मोकळं करावं लागेल, आणि मग त्यातला फिल्टर वेगळा बघावा लागेल.

राउटरवर आधी त्याचा मूळ पासवर्ड बदला. कंपनीचा पासवर्ड बहुधा राउटरच्या खालीच छापलेला असतो. मग डीएनएसचे आकडे घाला. उपकरणांची नावनिशीवार यादी करून नियम लावणार असाल तर एक अडचण येईल: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट, बदलता मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) देतात. राउटरला तोच फोन नवा पाहुणा वाटू शकतो. घरच्या वायफायपुरतं ते बंद करता येतं.

शिवाय ब्राउझर स्वतःचा 'सिक्युअर डीएनएस' वापरू शकतात (म्हणजे राउटरऐवजी दुसऱ्याच डीएनएसला कुलूपबंद विचारतात) आणि आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले (सफारीची वाहतूक मधल्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) चालू असेल तर सफारी राउटरला न विचारताच निघून जातो. ही दोन्ही माणसांच्या खासगीपणासाठी केलेली चांगली साधनं आहेत, पण राउटरच्या फिल्टरला ती बगल देतात. मुलांच्या उपकरणांवर तेवढी तपासा.

ओंजळ
सगळ्यांचे मनापासून आभार. टॅबचं झालं, मुलीने स्वतःच मंजूर यादीत काय काय हवं ते सांगितलं आणि 'मग मी विचारलं की तू लगेच देशील ना?' हेही वदवून घेतलं. मुलाशी बोललो. त्याने दोन अटी घातल्या: मेसेज वाचायचे नाहीत आणि दर सहा महिन्यांनी फिल्टर पुन्हा ठरवायचा. दोन्ही मान्य केल्या. आरोग्याच्या साइट मी आधीच उघडून बघितल्या, दोन अडत होत्या, त्या मोकळ्या केल्या.

एकच अडचण. राउटरवर १.१.१.३ घातला, टॅबवर चाचणीचं पान अडतं पण लॅपटॉपवर उघडतंच आहे. काय राहिलं?

निरभ्र
आधी लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा, जुनी उत्तरं त्याच्या स्मरणात असतात. टॅबला प्रायव्हेट डीएनएस आहे, म्हणून तो राउटरवर अवलंबून नाही, हेही लक्षात घ्या. तरी उघडलं तर राउटरमध्ये आयपीव्ही६ चं (आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) डीएनएस वेगळं आहे का ते बघा. आपण आयपीव्ही४ चे आकडे बदलतो आणि लॅपटॉप आयपीव्ही६ वरून जुन्याच सर्व्हरला विचारत राहतो. क्लाउडफ्लेअरच्या पानावर त्याचेही पत्ते आहेत, ते घाला.

ओंजळ
आयपीव्ही६ चंच होतं! आता दोन्हीकडे अडतं. टीव्हीला जोडलेला गेमिंग कन्सोल उरला, त्यातही ब्राउझर आहे असं मुलगा म्हणतो. त्याचं काय करायचं?

पायवाट_
कन्सोलच्या सेटिंगमध्ये पालकांचा वेगळा विभाग असतो, तिथे ब्राउझर बंद करता येतो आणि अनोळखी लोकांशी गप्पाही. त्या गप्पांकडे आधी बघा, ब्राउझरपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

निरभ्र
आणि कन्सोलला मोबाइल डेटा नसतो, म्हणून तिथे राउटरचा फिल्टर खरा उपयोगी पडतो. फक्त कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक' आहे ना, ते बघून घ्या. हाताने दुसरा घातलेला असेल तर राउटरला तो विचारणारच नाही.